काळी केलेली पट्टी

मालनबाईंना ते यंत्र पहिल्या दिवसापासून खुपत होतं.

जिंतूर तालुक्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात त्या सतरा वर्षं नर्स होत्या. सुया पातेल्यात उकळायच्या आणि टोचायच्या, हीच त्यांची रीत. शहात्तर साली परभणीहून सुया शुद्ध करायचं वाफेचं यंत्र आलं. जड झाकण, वर दाबाचा काटा. सोबत कागदी पट्ट्यांचा गठ्ठा. सुयांबरोबर एक पट्टी आत ठेवायची. वाफ नीट लागली की तिच्यावरच्या फिक्या रेघा काळ्या होत. ती पट्टी रोज वहीत चिकटवून डॉक्टरांना दाखवायची.

"म्हणजे आमच्यावर पहाराच की!" मालनबाई म्हणाल्या. "सतरा वर्षं माझ्या हातावर कुणी शंका घेतली न्हाई. आता हा कागद माझी साक्ष देणार?"

"अन् तोंडावर फुटलं तर?" कंपाउंडर लिंबाजीनं भर घातली. "तुमचं तोंड जाईल, सरकारचं काय जातंय!"

मग मालनबाईंनी आपली वाट काढली. सुया पातेल्यातच उकळायच्या. आता गर्दी असली की पूर्वीसारखं वीस मिनिटं न थांबता पहिल्या उकळीलाच काढायच्या. आणि पट्टी? ती चिमट्यात धरून स्टोव्हच्या आचेवर शेकायची. झाल्या रेघा काळ्या! वही भरत गेली. डॉक्टर समाधानानं सही करत राहिले.

श्रावणात लेकरांच्या दंडांना गाठी यायला लागल्या. एके दिवशी झरीकडची कडूबाई तीन वर्षांच्या पंचफुलाला कडेवर घेऊन आली. तापाचं इंजेक्शन दिलेला पोरीचा दंड टम्म सुजून आत पू झाला होता.

"ते मशीन आलं अन् लेकरं नासायलीत!" ती कडाडली. "सिस्टर, तुमचा दोष न्हाई. तुमच्या हातानं माजी थोरली दोगं टोचली, कधी फोड न्हाई आला. त्या मशीनीलाच आग लावा!"

"वाफेत नसबंदीची दवा सोडतेत म्हणं," मागून कुणीतरी पुटपुटलं. आणीबाणीच्या त्या दिवसांत असल्या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसे. ओसरीवरची अर्धी माणसं केसपेपर न काढताच उठली.

डॉक्टर हताश झाले. "लोकच येणार नसतील तर यंत्र काय कामाचं? उद्या परत पाठवतो."

मालनबाईंच्या मनासारखं झालं होतं. तरी त्यांना पंचफुलाकडं बघवेना. त्या आतल्या खोलीत गेल्या. तिथं आया सरजाबाई यंत्र पुसत होती.

"सिस्टर, हे रोज मीच पुसते. दोन महिन्यांत आत पाण्याचा थेंब पडला न्हाई."

"हळू बोल!"

"हळूच बोलायले. तुमाला डर लागली, त्यात काय पाप? मी बी लय डरले. पर डर लागली तर इचारावं, झाकू न्हाई. तुमी सोमवार धरता. पोटाला उपास घडवता अन् जिभेला खोटं चालतंय व्हय? त्या मशीनीला तोंड न्हाई, सिस्टर. तुमाला हाय. ते उद्या गेलं तर आजून किती लेकरांचे दंड नासतील?"

मालनबाई तशाच ओसरीवर आल्या.

"यंत्राचा दोष नाही!" त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मी ते एकदाही वापरलं नाही. पट्ट्या मी स्टोव्हवर काळ्या केल्या. कच्च्या उकळीच्या सुईनं ह्या पोरीचं असं झालं. चूक माझी आहे!"

कडूबाईनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं, नर्सपासून दूर. "तुमी हात लावू नका आता."

डॉक्टरांनीच पू काढला. हात धुता धुता ते म्हणाले, "मीही चुकलो, मालनबाई. यंत्र दिलं, पण बसून शिकवलं नाही. वहीवर सह्या केल्या, झाकण उघडून बघितलं नाही."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या देखत त्यांनी मालनबाईंकडून यंत्रात पाणी घालून घेतलं. वाफ सूं करून सुटली तेव्हा लिंबाजी दाराबाहेर पळाला. मालनबाई मात्र देवाचं नाव घेत जागेवर उभ्या राहिल्या.

पंधरा दिवसांनी पंचफुलाला पुन्हा ताप आला. कडूबाई यंत्रासमोर फतकल मारून बसली. सुई बाहेर येईपर्यंत हलली नाही.

"टोचा," ती मालनबाईंना म्हणाली. "पर मी बघत ऱ्हाणार."

"बघा, बाई. दर खेपेला बघा."

बंधू-भगिनींनो, नव्या वस्तूची शंका येणं हा गुन्हा नव्हे. शंका मनात दाबून खोटं वागणं, हा गुन्हा. ज्यांच्या हाती नवं साधन द्यायचं, त्यांची भीती आधी ऐकून घ्या, त्यांना जवळ बसून शिकवा. आणि सेवा करणाऱ्यानं "मला हे येत नाही" म्हणायला लाजू नये. त्याची लाज झाकायला लेकरांनी दुखणं का सोसावं?