उलट्या आट्याचा नट

माह्या घरी शोकेसमंदी एक मॉडेल ठेवलं आहे. येनारा-जानारा विचारते, "उकंडाभाऊ, कायचं आहे हे? उसाचा रस काढाची मशीन?" मी सांगत नाही. दारव्ह्याच्या मानसाले रुईच्या गाठी बांधाचा प्रेस वळखू येत नसन, त त्याच्याशी बोलून काय फायदा? या गावानं पिढ्यान्‌पिढ्या कापसातून सरकी काढाच्या जिनाच्या भोंग्यावर घड्याळं लावली, अन् तीन वर्षांत सारं इसरलं. जाऊ द्या. आज विचारलंच आहे त सांगतो, पन मधात बोलाचं नाही.

मी जिनात फिटर होतो. सतराव्या वर्षी लागलो अन् सत्तेचाळीसाव्या वर्षी घरी बसलो. त्याच्या आंधी, शाळेत असताना, मले मॉडेलचा लय नाद होता. आमच्या गावातून शकुंतला रेल्वे जाये. तिचं इंजिन मी सातवीत तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं केलतं. चाकं फिरत, दांडे हालत. हेडमास्तरानं ते आठ दिवस हापिसात ठेवलं अन् जो येईन त्याले दाखवलं. मंग जिनात लागलो. खरं लोखंड हातात आल्यावर खोटं कोन करते? ते इंजिन कुठी गेलं मालूम नाही. मायनं भंगारवाल्याले देऊन कांदे घेतले असतीन.

आमचा हेड फिटर हरिसिंग, तांड्यावरचा. त्याले सारे उस्ताद म्हनत. मायबापावरून शिव्या देऊ देऊ शिकवे, पन शिकवे. त्याचं एक ठरलेलं बोलनं होतं, "बे, जे उघडता येत नाही ते मशीन नाही, डबा आहे डबा." म्हनून आमी कोनताही पार्ट खोलाच्या आंधी दोन्ही बाजूनं लोखंडी पंच ठोकून ठिपके मारो. एक ठिपका एकाशी, दोन ठिपके दोनाशी. बसवताना चुकाचं कामच नाही.

अन् आमचा प्रेस! चौदा फूट उंच, मांडीएवढे दोन खांब, इंग्रजाच्या काळातला. त्या खांबायच्या डोक्यावर दोन मोठे नट. एकाचा आटा सुलटा, दुसऱ्याचा उलटा. सायकलच्या पायडलसारकं. डाव्या पायडलचा आटा उलटा असते, हे सायकलवाल्यालेच मालूम असते, बाकीचे खुशाल जोर लावत बसतात. उस्तादनं मले पयल्यांदा पाना देला तवा सांगतलंच नाही. अर्धा दिवस मी त्या नटाले लोंबकळलो, हाताले फोड आले. तो खाली बसून बिडी ओढे. मंग म्हने, "आता आयुष्यभर इसरनार नाही. उलटा फिरव. अन् हे कोनाले सांगाचं नाही. मले माह्या उस्तादनं सांगतलं, मी तुले सांगतलं. तू तुह्या चेल्याले सांग."

चेला काही मले भेटला नाही. कापसाची सरकारी खरेदी मोडकळीले आली, मोठे व्यापारी कापूस परस्पर बाहेर नेऊ लागले, अन् दोन हजार चारच्या हंगामात आमच्या जिनाचा भोंगा वाजलाच नाही. म्हातारा मालक मेलता. पोरगा प्रफुल्ल, नागपुराले शिकलेला, त्यानं गेटले कुलूप लावलं. आमी साठ मानसं घरी.

पुढच्या वर्षी भंगारवाली पार्टी आली. प्रफुल्लले प्रेस विकाचा होता, पन आख्खा. दूर कोन्या तरी जिनवाल्याले तो चालता पाहिजे होता. कापून नेला त नुसतं लोखंडच. दोन दिवस त्यायचे सहा मानसं पान्याले पाईप लावून झोंबले. ते कुठचे फिटर? जेवढा जोर लावत तेवढा नट घट्ट होये. मी अन् उस्ताद समोरच्या टपरीवर चहा पित होतो. उस्ताद एवढा हासला का त्याले ठसका लागला. तिसऱ्या दिवशी पार्टी गेली. उस्ताद म्हने, "उकंडा, जोवर प्रेस उभा तोवर जिन उभा. आज ना उद्या कोनी घेईन, चालू करन. पन त्या नटाची गोष्ट तोंडातून बाहेर जाऊ द्याची नाही."

मी म्हटलं, "मेलो तरी नाही."

हो, असंच म्हटलं होतं.

तर घरी बसून काय कराचं? हात खाजवत. बायको इंदूबाई अंगनवाडीत मदतनीस होती, ती सकाळीच जाये. एक दिवस सायकलच्या दुकानात बसलो होतो. कोपऱ्यात जुन्या पायडलायचा ढीग. सहज एक डावं पायडल उचललं, आट्यावरून बोट फिरवलं, अन् डोक्यात लख्ख झालं. एका फुटाले एक इंच धरलं, त हे आपल्या प्रेसच्या खांबाचं डोकंच आहे! एक उजव्या पायडलची कांडी, एक डाव्या पायडलची कांडी, अन् क्रँकचं भोक कापून केलेले नट. पस्तीस वर्ष गेली होती मधात, पन त्या दिवशी मी ढीग उपसाले बसलो तो सातवीतल्या पोट्ट्यासारका.

आठ महिने लागले. छत्रीच्या काड्या, बिस्किटाचा पत्रा, शिलाई मशीनचे फुटके पार्ट, दाढीच्या ब्लेडी. कानस घेऊन बसलो का जेवनाची सुध नाही. इंदूबाई म्हने, "अवो, पोट्टे खेळून मोठे झाले, आता तुमचा नंबर लागला काय?" पन तिनंच आपल्या वातीच्या डब्यातली रुई काढून देली, गाठ बांधाले. काडेपेटीएवढी गाठ! प्रत्येक पार्ट सुटा केला. प्रत्येकावर सुईनं ठिपके मारले, एक-एक, दोन-दोन. खोटं कुठीच नाही. मी त्या आठ महिन्यांत जेवढा खूश होतो तेवढा लग्नातही नव्हतो. इंदूबाईले सांगू नोका.

गावात बोभाटा झाला. लोक पाह्याले येत. उस्तादही आला, डोळ्याले अधू झालता तवा. दारातूनच पाह्यलं, म्हने, "वा रे पठ्ठे." हात लावला नाही. लावला असता, नट फिरवून पाह्यला असता, त तथीच मले दोन कानाखाली ठेवल्या असत्या अन् सारं वाचलं असतं.

मंग एक दिवस प्रफुल्लशेठची गाडी दारात. जन्मात आमच्या वस्तीत न आलेला मानूस, बूट काढून आत आला. खाली बसला. "उकंडाभाऊ, काय कला आहे हो तुमच्या हातात!" मी त इरघळलोच.

मंग म्हने, "बँकेचे साहेब मंगळवारी येत आहेत. जिन परत सुरू करायचा विचार आहे. त्यांना यंत्र समजत नाही. हे मॉडेल समोर ठेवलं तर काम होईल. सुरू झालं की हेड फिटर तुम्हीच."

माह्या कानात भोंगाच वाजला, खरं सांगतो. इंदूबाई चुलीपाशी उभी होती, तिनं पदर तोंडाले लावला.

"उघडतं का हो हे?" त्यानं विचारलं.

अन् मी बैताड! छाती काढून म्हटलं, "उघडते म्हंजे? उघडत नाही ते मशीनच नाही, शेठ." एक-एक पार्ट काढून त्याच्यापुढं चादरीवर मांडला. पयला नट सुलटा फिरवून काढला. दुसऱ्याले बोट लावलं अन् म्हटलं, "हा पाहा, हा उलटा फिरते. खऱ्या प्रेसचाही असाच आहे. उस्तादच्या अन् माह्याशिवाय दारव्ह्यात कोनाले ठाव नाही."

"उलटा?" प्रफुल्ल म्हने.

"उलटा," मी म्हटलं. दोनदा फिरवून दाखवला. त्यानं स्वतः फिरवून पाह्यला. हासला. चहा पिला. इंदूबाईनं नवी कोरी चादर काढून देली, मॉडेल गुंडाळाले.

मले काहीच वाटलं नाही, देवाशपथ. कारागिराले कोनी मन लावून पाह्यलं का तो नागडा होते, बाप्पा. आपन काय सांगून राह्यलो याचं भान राहत नाही. मी उस्तादकडे पळत गेलो, म्हटलं जिन चालू होऊन राह्यला. तो दुसऱ्याच दिवशी जीपगाडीनं कळंबले गेला अन् चिंतामनी गनपतीले नारळ फोडून आला. मी वस्तीत घरोघरी सांगतलं. ज्यायचे पोट्टे पुन्याले वॉचमन होते त्यायनं फोन केले, परत या म्हनून.

मंगळवारी बँकवाले आले नाही. गुरुवारी क्रेन आली.

गेटापाशी सारं गाव जमलं. लोकायले वाटलं नवी मशीन आली. धुरपताबाई, जिनात सरकी वेचाले असे ते बुढी, हयदकुंकू घेऊन आलती. मी अन् उस्ताद सगळ्यात पुढं. गेटाच्या जाळीतून पाह्यलं त आत टेबल होता, टेबलावर माहं मॉडेल, अन् भंगारवाल्यायचा मुकादम. तोच, मागच्या वर्षीचा. त्यानं दोन बोटानं बारका नट धरला, आपल्या मानसायले दाखवला. "देखो, ऐसा. उल्टा." मंग आठ जनं वर चढले, पान्याले पाईप लावला अन् उलट्या बाजूनं ओढला.

पयल्या झटक्याले काही नाही. दुसऱ्याले नट कुरकुरला. मी त्या आवाजाचा धनी, मले दुरून कळलं. तो सुटला.

प्रफुल्लनं मले पाह्यलं. सगळ्यायसमोर, मोठ्यानं म्हने, "अरे उकंडाभाऊ, या ना आत! तुमच्यामुळे फार सोपं झालं बघा."

साठ घरायची मानसं होती मागं. धुरपताबाईनं हयदकुंकवाची वाटी पदराखाली घेतली अन् घरी गेली. उस्ताद जाळी धरून उभा होता. त्याले अंधुक दिसे, पन कान तिखट होते. तो तसाच उभा राह्यला, दुसरा खांब निघेपर्यंत. चार दिवसात प्रेस ट्रकवर चढला, आख्खा, एक ओरखडा नाही. ठिपक्याले ठिपका.

मॉडेल घरी परत आलं. सोबत शाल अन् नारळ. शाल मी गाईच्या अंगावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आला. चहाले नाही म्हटलं. मॉडेलपाशी बसला, चाचपत नट शोधला, दोन बोटानं फिरवला. सुलटा फिरेना. उलटा फिरवला, निघाला. नट तळहातावर घेतला, आट्यावरून बोट फिरवलं.

"आटा बी उलटाच केला?"

"जसं आहे तसंच केलं, उस्ताद. खरं केलं."

"खरं," तो म्हने. "खरं कोनं मांगलं होतं बे तुले? पाहाची वस्तू होती ते. आटा कोनाले दिसते? सुलटा केला असता त काय बिघडलं असतं?"

सुलटा कराचं माह्या मनात आलंच नाही. त्यानंच त मले तसं घडवलं होतं.

त्यानं नट जागेवर बसवला, नीट, शेवटपर्यंत आवळून. काठी घेतली अन् गेला. बाजाराच्या दिवशी दिसते, मी हाक मारतो, तो वळत नाही. कानानं चांगला ऐकते अजून.

उस्ताद गेला त्याच दिवशी मी एमसील आनलं. कालवलं अन् दोन्ही नटायच्या आट्यात भरलं. ठिपके कानशीनं घासून टाकले. इंदूबाई म्हने, "अवो, आठ महिन्याची मेहनत!" मी म्हटलं, चूप राह्य.

जिनाच्या जागेवर आता प्रफुल्लशेठचं लग्नाचं लॉन आहे. मागच्या महिन्यात त्याचा मॅनेजर आलता. शेठले गेटापाशी काचेत ठेवाले हे मॉडेल पाहिजे, जुनी आठवन म्हनून. त्यानं उचलून पाह्यलं, खालून-वरून पाह्यलं, नट फिरवून पाह्यला.

"उघडत नाही का हो हे?"

"नाही," मी म्हटलं. "मशीन नाही ते. डबा आहे. घेऊन जा."

त्यानं नेलं नाही. उघडत नाही म्हने, त शेठले आवडनार नाही.