नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी

जोसाया फेदरस्टोन आयुष्यात एकदाही खोटं बोलला नाही.

हे वाक्य नंदूने किचनच्या ओट्याला टेकून, कागद छातीशी धरून म्हटलं आणि तो थांबला. मोठ्या वाक्यानंतर टाळ्यांपुरती जागा सोडावी, असं त्याला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. टाळ्या आल्या नाहीत. टेबलाशी कोथिंबीर निवडत बसलेल्या मंजूताईने मान वर केली.

"मोजलं कुणी?"

"काय?"

"एकदाही नाही म्हणतोस. म्हणजे कुणीतरी मागे वही घेऊन फिरत असणार."

"ताई, तो क्वेकर होता. ख्रिश्चनांतला साधा पंथ असतो तो. ते लोक शपथ घेत नाहीत. रोजच खरं बोलायचं, मग कोर्टात वेगळं खरं कुठून आणायचं, असं त्यांचं म्हणणं. गव्हर्नरसमोरसुद्धा टोपी काढली नाही त्याने."

"आणि जमीन त्याच गव्हर्नरकडून घेतली ना? सकाळी म्हणालास, आठशे एकर."

"हो."

"टोपी घालूनच?"

सोफ्यावर लॅपटॉप घेऊन लोळणारी उर्वी खिदळली. "आत्या, सॅव्हेज!"

नंदूने कागदाची घडी घातली. सिडनीतल्या केलीव्हिलच्या स्थानिक इतिहास मंडळात तो तीन वर्षांपूर्वी गेला, तो रक्तदाबासाठी. डॉक्टरांनी छंद लावून घ्यायला सांगितलं होतं. मंडळात सत्तरच्या आतला आणि स्कॅनर चालवता येणारा तो एकटाच निघाला, त्यामुळे वर्षभरात त्याला अभ्यासक म्हणू लागले. येत्या शनिवारी, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी तिथे येऊन वसलेल्या फेदरस्टोनच्या जुन्या घराच्या ओसरीवर त्याचं दहा मिनिटांचं भाषण होतं. विषय होता, जोसायाने आपली जमीन कुटुंबाला कशी सोपवली. मंडळाच्या अध्यक्ष, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लॉरेनबाई, त्याला म्हणाल्या होत्या, "नँडू, लव्ह, जरा काहीतरी छान सांग. लोक चहा आणि स्कोनसाठी येतात."

मंजूताईला सिडनीत येऊन पाच आठवडे झाले होते. मंगळवारी ती परत जाणार होती. आणि नंदूने तिला ज्या कामासाठी बोलावलं होतं, ते अजून तिच्या कानावर घातलेलं नव्हतं.

काम तसं लहान होतं. कर्वेनगरातली बाबांची जागा पुनर्विकासाला चालली होती. बाबा मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे जागा दोघांची. पुण्याचा चुलतभाऊ राघव वकील होता. त्याने ताईच्या नावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला होता. ताईने पुण्यात गेल्यावर नोंदणी कचेरीत जाऊन सही केली, की जागा नंदूची. महिनाअखेरच्या आत हवं होतं. नंदूला ती जागा का हवी होती, हे नीट सांगता आलं नसतं. वर्षातून तीन आठवडे पुण्यात उतरल्यावर 'आपलं' म्हणावं असं काहीतरी असावं, इतकंच. ताई त्या जागेपासून दोन गल्ल्यांवर राहायची आणि बाबांच्या शेवटच्या नऊ वर्षांत रोज दोन वेळा डबा घेऊन तिथे जायची. नंदू दर रविवारी बाबांना फोन करायचा. एकदाही चुकला नाही, हे त्याला आवर्जून सांगावंसं वाटे.

हक्क सोड, असं फोनवर म्हणता येत नाही. त्यासाठी माणसाला आधी ऑपेरा हाउस दाखवावं लागतं. नंदूने दाखवलं. ब्लू माउंटन्स दाखवले, वॉलॉंगॉंगला समुद्राकाठच्या ट्रेनने नेलं, टूनगॅबीच्या मित्राकडे सत्यनारायणाला नेलं. दर वेळी परतताना तो घसा साफ करी, आणि ताई म्हणे, "एसीने होतंय तुला ते." मेधा, त्याची बायको, रोज रात्री एकच प्रश्न विचारायची, "बोललास?" चौथ्या आठवड्यात तिने तोही सोडून दिला.

शुक्रवारी नंदू अर्ध्या दिवसाची रजा टाकून लायब्ररीत गेला. फेदरस्टोन घराण्याच्या कागदांचं एक खोकं स्कॅन व्हायचं राहिलं होतं. मृत्युपत्र त्याने पूर्वीच वाचलं होतं. ते चोख होतं. 'माझ्या जमिनीवर हक्क असलेले माझे दोन पुत्र आहेत. अन्य कोणाचाही तीवर हक्क नाही, हे मी सत्य म्हणून नमूद करतो.' खाली तारीख, तिसऱ्या महिन्याचा नववा दिवस. मार्च म्हणायचं नाही, कारण ते नाव मार्स या रोमन देवावरून आलेलं. खोट्या देवाचं नावसुद्धा कागदावर येऊ द्यायचं नाही, असा माणूस. नंदूच्या भाषणाचा शेवट या तारखेवरच होता.

खोक्याच्या तळाशी एकपानी दस्त निघाला. त्याच्यावर तिसऱ्या महिन्याचा सातवा दिवस होता.

जोसायाला मुलगीही होती. हॅना. तिने पंथाबाहेरच्या माणसाशी लग्न केलं, म्हणून पंथाने तिचं नाव काढून टाकलं होतं, आणि आईच्या आजारपणात ती परत घरी येऊन राहिली होती. या दस्ताने तिने बापाच्या जमिनीवरचा आजचा आणि उद्याचा सगळा हक्क भावांच्या नावे सोडला होता. बदल्यात तिला एक दुभती गाय आणि शिवणाचं टेबल मिळणार होतं. तिच्या सहीच्या शेवटच्या अक्षराशी शाई फुटली होती.

म्हणजे सात तारखेला सही घेतली आणि नऊ तारखेला सत्य नमूद केलं. म्हातारा खरोखरच खोटं बोलला नव्हता. त्याने आधी जग आपल्या वाक्याप्रमाणे करून घेतलं आणि मग वाक्य लिहिलं.

नंदूला हसू आलं. हे भाषणात घालावं, लोक हसतील, असंही वाटलं. मग त्याने दस्ताची मधली ओळ वाचली. कोणत्याही दडपणाविना, स्वखुशीने, नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी.

ही ओळ त्याने पूर्वी वाचली होती, आणि इंग्रजीत नव्हे. राघवच्या मसुद्यात ती दुसऱ्या पानावर होती. एवढंच नाही, ती वाचून त्याने राघवला लिहिलं होतं, 'छान वाक्य टाकलंस.'

त्याने दस्त उलटा करून खोक्यात ठेवला आणि खोक्याचं झाकण लावलं. मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. लायब्ररीत एक आजोबा पेपर वाचत होते.

शनिवारी दुपारी ओसरीसमोर चाळीसेक खुर्च्या मांडल्या होत्या. लॉरेनबाईंनी तिकडच्या रिवाजाप्रमाणे लॅमिनेट केलेल्या कार्डावरून वाचलं, की या भूमीचे मूळ रखवालदार धारुग आदिवासी लोक आहेत आणि आम्ही त्यांच्यापुढे नतमस्तक आहोत. त्यांच्याकडून ती जोसायाकडे कुठल्या दस्ताने आली, ते कार्डावर नव्हतं. मग नंदू उभा राहिला. पहिल्या रांगेत मेधा, उर्वी, आणि मधोमध ताई, नारायणपेठ नेसून, पायांत उर्वीचे स्पोर्ट्स शूज.

त्याने जसं लिहिलं होतं तसंच भाषण केलं. शपथ, टोपी, दोन पुत्र, नऊ तारीख. दस्ताचा उल्लेख केला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॉरेनबाई म्हणाल्या, "काही प्रश्न?"

मंजूताईने हात वर केला. तिने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता, त्यामुळे ती उभी राहूनच बोलली.

"एक्स्क्यूज मी. नो डॉटर?"

नंदूने कागदाकडे पाहिलं. कागदात काही नव्हतं. नाही म्हणता आलं असतं. चाळीस माणसांत कुणालाही कळलं नसतं, आणि खोकं पुन्हा कुणी उघडणार नव्हतं.

"वन," तो म्हणाला. "हॅना."

"व्हॉट डिड शी गेट?"

"शी... गेव्ह अप हर राइट्स. टू हर ब्रदर्स. आउट ऑफ नॅचरल लव्ह अँड अफेक्शन."

"ऑऽऽ," सगळी ओसरी एका सुरात म्हणाली.

"हाउ लव्हली," लॉरेनबाईंनी छातीवर हात ठेवला. "अशी कुटुंबं आता राहिली नाहीत."

ताई खाली बसली. तिने पदर सारखा केला आणि पुन्हा समोर पाहिलं. त्यानंतर नंदूशी सात जणांनी हात मिळवले. एकाने विचारलं, तुमच्याकडेही असंच असतं का? नंदू म्हणाला, "मोअर ऑर लेस."

परतताना मेधा आणि उर्वी दुसऱ्या गाडीने दुकानात गेल्या. नंदूच्या गाडीत ताई पुढे बसली.

"चांगलं बोललास," ताई म्हणाली. "मधे जरा घाई केलीस."

"ताई..."

"राघवचा कागद मी वाचलाय रे. पहिल्याच आठवड्यात. प्रिंटरवर तसाच होता. उर्वी म्हणाली, आत्या, हे तुझं आहे वाटतं, तुझं नाव आहे वर."

नंदूने एसी कमी केला.

"आणि त्याच्याही आधी कळलं होतं," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून दोन वर्षं तुला फोनवर दहा मिनिटं फुरसत नाही, आणि एकदम तिकीट? वर एअरपोर्टवर व्हीलचेअर! माझे गुडघे ठणठणीत आहेत, नंद्या. तो पोरगा मला ढकलत होता आणि मी लाजेने डोळे मिटून बसले होते."

"मी आज सांगणारच होतो."

"पुण्यात मागितलं असतंस तर पुण्यातच दिलं असतं. दाराशी चपला काढून आला असतास, चहा प्यायला असतास, म्हणाला असतास, ताई, मला पाहिजे. इथे आणून मला पाहुणी केलीस. पाहुण्या माणसाला नाही म्हणता येतं का?"

सिग्नल लाल झाला. पलीकडे एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती.

"राहू दे ते, ताई," नंदू म्हणाला. "तो कागद राहू दे."

ताईने त्याच्याकडे वळून पाहिलं. "राहू दे म्हणतोस, की नको म्हणतोस?"

नंदूने तोंड उघडलं. त्या क्षणी त्याला खरोखर लाज वाटत होती, इतकी की तो काहीही द्यायला तयार होता, फक्त काय द्यायचं ते नेमकं उच्चारायचं होतं. नको. दोन अक्षरं. सिग्नल हिरवा झाला.

"बघू," तो म्हणाला.

"बरं," ताई म्हणाली, आणि काच खाली केली.

मंगळवारी नंदूने आणि मेधाने तिला विमानतळावर सोडलं. व्हीलचेअर तिने रद्द करायला लावली. बॅग स्वतः ओढत ती आत गेली, आणि कोपऱ्यावर वळताना तिने हात केला, तो मेधाला.

नंतरच्या गुरुवारी, ऑफिसात स्टँडअप मीटिंग चालू असताना, राघवने ताईच्या सहीने नोंदणी झालेल्या हक्कसोडपत्राची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवली. नंदूने अंगठा पाठवला.