दोन नंबरांचे पिस्तूल

मित्रांनो, मी दुसऱ्या महायुद्धातले एक जुने पिस्तूल आहे. पण माझे वरचे अंग एका पिस्तुलाचे आणि धड दुसऱ्याचे. तेव्हा 'मी' म्हणजे नक्की कोण, हे मलाही सांगता येत नाही. बोलतो आहे ते धड, असे समजा.

कॅनडात, टोरांटोच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे दोन तऱ्हेची पिस्तुले बनत. काही कॅनडाच्या सैन्यासाठी, काही चीनला पाठवण्यासाठी. चीनच्या पिस्तुलांच्या वरच्या सरकत्या भागावर सहा चिनी अक्षरे कोरलेली असत. मी कॅनडाचा, त्यामुळे मला अक्षरे नव्हती. प्रत्येकाच्या धडावर आणि वरच्या भागावर मात्र एकच क्रमांक असे.

चीनची बरीच पिस्तुले गेलीच नाहीत. ती आमच्याच सैन्यात आली. एकदा दुरुस्तीखान्यात साफसफाईसाठी आम्हाला सुटे केले आणि घाईत जोडले. तेव्हापासून ती सहा अक्षरे माझ्या डोक्यावर आहेत. कोणाच्या ते लक्षात आले नाही. मी चाललो, एवढे पुरे होते.

पुढे सैन्याने मला मोडीत काढले आणि मूस जॉ गावात कॅफे चालवणाऱ्या वॉलेस लमने मला घेतले. त्याचे वडील चीनहून आलेले, तो स्वतः मूस जॉचाच. त्याला चिनी वाचता येत नव्हते. त्याची बायको सुक-यिन हिने वाचून दाखवले.

"चिनी प्रजासत्ताकाची मालमत्ता. अहो, म्हणजे हे तुमचं नाहीच! परत करा."

"करतो. चीनला जाणारी बस किती वाजता सुटते?" वॉलेस म्हणाला.

त्याचा जुना मित्र आयव्हर डाल जुन्या पिस्तुलांचा संग्रह करी. त्याने कॅफेतल्या टेबलावर मला सुटे केले, भिंग लावले आणि त्याचा चेहरा पडला.

"नंबर जुळत नाहीत, वॉलेस. हे अस्सल नाही."

काही दिवसांनी तोच धापा टाकत आला. एस्टेव्हन गावच्या दुकानात त्याला माझे हरवलेले वरचे अंग सापडले होते, आणि तेही या अक्षरांच्या मूळ धडावर बसवलेले. ते पिस्तूल तो विकत घेऊनच आला होता.

"अदलाबदल करू! दोन्ही अस्सल होतील."

"आणि अक्षरं तुझ्याकडे जातील."

"तुला कुठे वाचता येतात ती?"

वॉलेसने दोन्ही पिस्तुले सुटी केली. त्याने माझे स्वतःचे वरचे अंग माझ्यावर चढवून पाहिले. ते अलगद बसले. नंबर जुळले. मला बरे वाटले का? आठवत नाही.

वॉलेसने त्या कोऱ्या पोलादावरून बोट फिरवले.

"सैन्यात भरती व्हायला गेलो, तेव्हा पहिल्यांदा मला दारातूनच परत पाठवलं," तो म्हणाला. "नाव वॉलेस आणि तोंड हे. जुळत नाही म्हणाले."

"अरे, ते वेगळं! हे यंत्र आहे!"

"हो ना. मग त्याला काय फरक पडतो?"

त्याने अक्षरे पुन्हा माझ्यावर चढवली. आयव्हर कॉफी अर्धी टाकून उठला आणि तो हिवाळाभर फिरकला नाही. सुक-यिन त्याची खुर्ची पुसून ठेवी. वॉलेस मला तेल लावी आणि कपाटात ठेवी.

वसंतात रेजायना शहरात संग्राहकांचे प्रदर्शन भरले. त्याच्या आदल्या दिवशी आयव्हर दारात उभा राहिला. "तुझं दे. माझ्या पिस्तुलाशेजारी मांडतो," एवढेच तो म्हणाला. तिथे आम्ही दोघे शेजारी पडून होतो, एकमेकांची अंगे घेऊन. परीक्षक भिंग घेऊन वाकले आणि हसले.

"डाल, इतकी वर्षं यात घालवलीस आणि एवढं दिसलं नाही? बदलून का घेतलं नाहीस?"

"विचारलं होतं. नाही म्हणाला."

"मग बक्षीस गेलं की रे!"

"जाऊ दे," आयव्हर म्हणाला. "बक्षीस काय, दरवर्षी असतं."

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर तिचा गंज काढा, तिला तेल लावा. तिच्यावरच्या खुणा नीट वाचा आणि जे दिसेल ते खरे सांगा. मी मिश्र आहे, हे लपवू नका. आणि नंबर जुळावेत म्हणून जुना नंबर घासायला मला कानस लावू नका. माझ्या बाबतीत जे घडले, ते तसेच राहू द्या.