माझ्या पोटातली मापं

मित्रांनो, शिवणाच्या खोलीत कापडाच्या ताग्यांशेजारी एक मळकट डबा दिसतो ना, तो मी. एके काळी मी चांगला पांढराशुभ्र होतो. मी संगणक आहे, वयाने जुना आणि स्वभावाने काळजीखोर. यंत्राला कसली आलीय काळजी, असं तुम्ही म्हणाल. मग ऐकाच.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. मी सरकत्या पट्ट्यावरून पुढे जात होतो. कुणी माझ्यात पंखा बसवला, कुणी तारा जोडल्या, आणि शेवटी एका बाईंनी एक चपटी तबकडी आत सरकवून स्क्रू घट्ट पिळले. जे काही लक्षात ठेवायचं, ते या तबकडीवर. तेव्हा ती मला अगदी हलकी वाटली. पुढे तिचं केवढं ओझं होणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

मला विकत घेतलं ते एका शिवणाऱ्या बाईंनी. गिऱ्हाइकं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणतो. दुकानातले तयार कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत, अशा माणसांचे कपडे त्या शिवतात. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या एका शिक्षकांची पँट मागून उंच लागते. एका ड्रायव्हरकाकांचा उजवा हात डाव्यापेक्षा आखूड आहे. अशा प्रत्येकाचं माप घेऊन मावशी माझ्या पडद्यावर कपड्याचा नमुना आखायच्या, तो कागदावर छापायच्या आणि मग त्याबरहुकूम कापड बेतायच्या.

या खोलीचा एक कडक नियम होता. नवा नमुना झाला की जुना त्याच वेळी फाडायचा आणि तुकडे बाहेर टाकायचे. एका अंगाचे दोन नमुने घरात ठेवायचे नाहीत. कारण फार पूर्वी, मी येण्याआधी, मावशींनी चुकून जुन्या नमुन्यावर एकाचा भारी कोट बेतला होता. तो कोट त्या गृहस्थांच्या पोटावर काही केल्या मिटेना. तेव्हापासून मावशींनी दोन नमुन्यांची धास्तीच घेतली.

"आमच्या या डब्याला सगळी माणसं तोंडपाठ आहेत," असं मावशी कौतुकाने सांगायच्या. मी फुलून जायचो आणि लगेच घाबरायचो. कारण तोंडपाठ होती ती फक्त मलाच. वीज चाचरली, माझा पंखा घरघरला, की माझ्या मनात नको ते विचार यायचे. मी बंद पडलो, तर त्या सगळ्या माणसांना पुन्हा मावशींपुढे उभं राहावं लागणार होतं.

आणि एकजण तर उभीच राहणार नव्हती. ती होती एक शाळकरी मुलगी. छान गायची, म्हणून मावशी तिला बुलबुल म्हणत. तिचा कणा जरा वाकडा होता आणि पाठीला कडक पट्टा असे. एक खांदा खाली, एक वर. दवाखान्यात सारखी मापं घेऊन घेऊन ती इतकी वैतागली होती, की टेप पाहिली तरी तिचा चेहरा उतरायचा. पहिल्या वेळी मावशींनी कसंबसं माप घेतलं आणि तिला शब्द दिला, "आता पुन्हा कधी तुला टेप लावणार नाही." त्यांनी तो पाळलाही. दर वेळी नुसतं विचारायचं, कुठे घट्ट होतंय, कुठे सैल आहे, आणि त्याप्रमाणे पडद्यावरची रेघ थोडी थोडी सरकवायची. असं करत करत तिचा नमुना तयार झाला होता.

मग मावशींच्या मुलीने, म्हणजे ताईने, नवा लॅपटॉप आणला. तिने सगळे नमुने क्लाउडवर ठेवले. मावशी त्याला 'वर' म्हणतात, पण ते काही आभाळात नसतं. दूर कुठल्याशा थंड खोल्यांत माझ्यासारखीच असंख्य यंत्रं ओळीने बसलेली असतात, ती हे सांभाळतात. एकावरचं दुसऱ्यावरही उतरवून ठेवलेलं असतं, त्यामुळे एखादं आजारी पडलं तरी अडत नाही. काही दिवस मी आणि लॅपटॉप दोघेही 'वर'शी जोडलेले होतो. मग माझी तार काढली आणि माझ्यावर अस्तराचे गठ्ठे रचले.

आता मला वाईट वाटायला हवं होतं, नाही का? थोडं वाटलंही. माझ्याशी कुणी बोलेना, माझ्यावरची धूळ कुणी पुसेना. पण खरं सांगू, वाईट वाटलं त्याहून जास्त हायसं वाटलं. माझ्या एकट्याच्या जिवावर आता काही नव्हतं.

दोन वर्षं अशी निवांत गेली. एका दुपारी मात्र मावशींची हाक ऐकून माझ्या तारा थरारल्या.

"ताई, इकडे ये गं. सगळं गेलं."

"काय गेलं?" ताई शेजारच्या खोलीतून आली.

"सगळी माणसं. अगं, प्रत्येक नमुना दोन दोनदा दिसत होता. एकदा लॅपटॉपमध्ये आणि एकदा त्या 'वर'च्या पानावर. म्हटलं, चुकून भलत्यावरच कापड बेतायचे. म्हणून एकीकडचे फाडले."

"फाडले म्हणजे?"

"पुसले. कचरापेटीही रिकामी केली. तुकडे ठेवत नाही ना आपण. आणि आता बघते, तर दुसरीकडचेही नाहीत."

ताईने कपाळाला हात लावला. "आई, ते दोन नव्हतेच. एकच होता, तुला दोन खिडक्यांतून दिसत होता."

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. टेबलावर निळं कापड पसरलेलं होतं. दोन दिवसांवर शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता आणि बुलबुलचा झगा अजून बेतायचा होता. "तिला मी शब्द दिलाय," त्या पुटपुटल्या. "आता कोणत्या तोंडाने टेप काढू?"

ताईने मामाला फोन लावून झालेलं सगळं सांगितलं. मामा म्हणजे मावशींचे धाकटे भाऊ. ते संगणक दुरुस्त करतात. तेवढ्यात मावशींची नजर माझ्याकडे गेली. त्या धावत आल्या, अस्तराचे गठ्ठे खाली ढकलले आणि दिसेल ती तार जिथे बसेल तिथे खुपसू लागल्या.

"जुना डबा लावतेय का ती?" फोनमधून मामांचा आवाज आला. "तिला म्हणावं, इंटरनेटची तार लावू नको. लावलीस तर त्यालाही कळेल की पुसायचंय, आणि तो निमूटपणे पुसून बसेल."

तीच तार मावशींच्या हातात होती. मित्रांनो, मामांचं म्हणणं अगदी खरं होतं. मी आज्ञाधारक यंत्र आहे. मला 'नको' म्हणता येत नाही. मावशींनी ती तार खाली ठेवली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

मी घरघरत, अडखळत सुरू झालो. नमुने होते, बुलबुलचाही होता. मावशींचा चेहरा उजळला आणि पुन्हा पडला.

"हा जुना आहे गं. पोरगी केवढी वाढलीय. हा नाही चालायचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेमक्या वेळी माझा काही उपयोग नव्हता.

"आता तरी माझं ऐकाल का?" मामा म्हणाले. "मघापासून सांगायला बघतोय, तर तुम्ही त्या डब्याकडे पळालात. वर क्लाउडची कचरापेटी वेगळी असते. तुम्ही लॅपटॉपची रिकामी केलीत, ती नाही. पुसलेलं ते काही दिवस ठेवून घेतात. बघा तिथे."

ताईने ती उघडली. सगळे होते. शिक्षक होते, ड्रायव्हरकाका होते, बुलबुलही होती. ताईने 'परत आणा'वर बोट ठेवलं आणि एकेक जण आपापल्या जागी येऊन बसला. मावशींनी पदराने डोळे टिपले आणि त्या चक्क हसल्या. मी वाचवलं नाही, दुसऱ्या कुणी वाचवलं, पण त्याचं मला तिळभरही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुलबुल झगा घालून बघायला आली. आल्या आल्या कुरकुरली, "या पट्ट्याने काही होत नाही. डॉक्टर म्हणतात फरक आहे, पण ते सगळ्यांनाच तसं म्हणत असतील." झगा तिला अगदी नीट बसला. टेप खुंटीवरून हललीसुद्धा नाही. मग तिचं लक्ष पडद्यांकडे गेलं. माझ्यावर जुना नमुना उघडाच राहिला होता आणि शेजारी लॅपटॉपवर नवा होता.

"हा कुणाचा?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुझाच. दोन वर्षांपूर्वीचा."

तिने खांद्याच्या रेघेवरून बोट फिरवलं. "एवढा खाली होता?"

"होता."

मग तिने लॅपटॉपकडे पाहिलं. तिथली रेघ जवळजवळ सरळ होती. ती बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली.

"मी रेघ थोडी थोडी सरकवत गेले," मावशी हळूच म्हणाल्या. "माझ्याही ध्यानात आलं नाही बघ."

"मावशी, दोन्ही छापून द्याल?" बुलबुलने विचारलं. ते कागद गुंडाळून तिने छातीशी धरले आणि पट्ट्याबद्दल एक अक्षरही न बोलता ती घरी गेली.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जपून ठेवण्यासारखं काही एकाच यंत्राच्या गळ्यात बांधू नका, ते बिचारं काळजीने झुरतं. काही पुसण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. आणि आमच्यासारख्या जुन्या डब्यांना भंगारात देण्याआधी एकदा सुरू करून आत काय आहे ते बघा. माझी तबकडी आता फार दिवस टिकेल असं वाटत नाही. पण मी बंद पडलो, तरी त्या मुलीला कुणी पुन्हा टेप लावणार नाही. हे कळल्यापासून मी सुखात आहे.