चोवीस शब्दांचा पाठ

नव्या ठेकेदाराने एक कागद काढला आणि आमच्या घराची घडी विस्कटली. कागदावर कायदा, नियम आणि शिक्षा यांविषयीचे चोवीस इंग्रजी शब्द होते. कंपनीच्या मोठ्या फाटकावर येणारे पाहुणे इंग्रजी बोलतात, तेव्हा ज्या पहारेकऱ्याला हे शब्द येतील तोच तिथे राहील, बाकीच्यांनी शहराबाहेरच्या गोदामावर जायचं, असं ठरलं.

आमचे हे सोळा वर्षं त्याच फाटकावर. ते घरापासून पाच मिनिटांवर आहे, म्हणूनच आमचं चाललं होतं. सासूबाईंचे पाय दोन वर्षांपूर्वी गेले. दुपारच्या सुट्टीत हे घरी यायचे, आईला उचलून मोरीतल्या खुर्चीवर बसवायचे, माझं अंघोळ घालणं झालं की पुन्हा पलंगावर ठेवायचे आणि चार घास पोटात ढकलून परत जायचे. गोदाम दीड तासावर. माझ्याच्याने सासूबाई उचलल्या जात नाहीत. त्या अंगाने भरलेल्या आणि मी ही अशी.

ह्यांची शाळा सातवीत सुटलेली, त्यामुळे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मला शिकण्याची एकच रीत ठाऊक आहे. पहाटे देवापुढे माझा पाठ असतो, तो झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. तो मी कधी पुस्तकातून शिकले नाही, माझ्या आईच्या मागे म्हणत म्हणत तोंडी बसला. तसंच ह्यांचं करायचं ठरवलं. लॉ म्हणजे कायदा, रूल म्हणजे नियम, फाइन म्हणजे दंड, वॉर्निंग म्हणजे ताकीद, अशी चोवीस शब्दांची माळ ओवली आणि तिला चाल लावली. नवव्या दिवशी हे दाढी करता करता, बुटाचे बंद बांधता बांधता न अडखळता सगळं म्हणू लागले. पलंगावरून सासूबाईही सूर धरायच्या. मला वाटलं, जिंकलो.

परीक्षा ऑफिसातल्या केबिनमध्ये झाली. संध्याकाळी हे आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी पहिलाच शब्द विचारला, बेल. बेल म्हणजे जामीन, आमच्या पाठात अठरावा. ह्यांनी मनातल्या मनात लॉपासून सुरुवात केली. बाराव्यापर्यंत पोचतात तोवर बाईंनी पुढचा विचारला, विटनेस, म्हणजे साक्षीदार. पुन्हा लॉपासून. दहापैकी चार आले, आणि तेही पहिल्या सहातले होते म्हणून. शेवटी ह्यांनी विनंती केली, बाई, चोवीसच्या चोवीस म्हणून दाखवतो, एकदा ऐकून घ्या. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या म्हणे. पण फॉर्मवर दहाच चौकटी होत्या, आणि असं म्हणून दाखवण्यासाठी चौकटच नव्हती.

सोमवारी आणखी एक संधी मिळणार होती. दहापैकी आठ हवे होते.

मी कागदाचे चोवीस तुकडे केले, डब्यात घालून हलवले आणि त्यातून एकेक काढून विचारू लागले.

“अरेस्ट,” मी म्हटलं.

ह्यांचे ओठ हलायला लागले.

“अहो, ओठ हलवू नका.”

“मग आठवू कसं?”

“सरळ सांगायचं. अरेस्ट म्हणजे काय?”

“तेच तर आणतोय. चौदावा आहे ना, येतोय.”

“अटक रे, अटक,” सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. “मला आडवं पडून येतं आणि तुला उभ्याने येईना?”

ह्यांनी चिठ्ठी डब्यात टाकली आणि दुसरी काढून माझ्यापुढे धरली. म्हणाले, तू सांग, पॅरोल म्हणजे काय. मी तोंड उघडलं आणि तोंडात लॉ आला. मागोमाग रूल आला, फाइन आला. दूध बघते म्हणून उठले, आणि रिकाम्या ओट्यापाशी उभी राहिले. राग आला तो कागदाचा नाही, ठेकेदाराचाही नाही. स्वतःचाच. नऊ दिवस मी ह्यांना जिना बांधून दिला, पण मधल्या मजल्यावर उतरायला दार ठेवलंच नव्हतं.

देवाजवळ मी कधी हट्ट केला नाही. त्या दोन दिवसांत केला. पाठ म्हणताना मधेच शब्दांची माळ घुसायची, मग पाठ चुकायचा, मग मी पुन्हा आरंभ करायची, आणि पाणी प्यायला नऊ वाजायचे. इकडे हे चिठ्ठ्यांवर चिडायचे. एकदा तर डबा उचलून माळ्यावर ठेवला. तासाभराने स्वतःच स्टूल घेऊन खाली काढला.

सोमवारी सात आले.

आठवा ह्यांना केबिनच्या उंबऱ्यावर आठवला. मागे वळून म्हणाले, गिल्टी म्हणजे दोषी. बाईंनी मान वर केली, पण त्यांची सही झाली होती आणि समोर पुढचा पहारेकरी बसला होता. हे सगळं ह्यांनी अगदी सपाट आवाजात सांगितलं. तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, मग कधीपासून. एक तारखेपासून, हे म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

एक तारखेला हे पहाटेच निघून गेले. दुपारी मी बादली भरली, खुर्ची पलंगाला टेकवली, सासूबाईंचे हात गळ्यात घेतले आणि जोर लावला. त्या पलंगावरून निघाल्या, पण खुर्चीपर्यंत पोचल्या नाहीत. दोघी अलगद जमिनीवर बसलो. कुणाला लागलं नाही. मात्र आता मागेही जाता येईना आणि पुढेही.

दोनदा पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदा माझ्या पाठीतून कळ गेली. हे यायला अजून सहा तास होते, शेजारच्या घराला कुलूप होतं. सासूबाईंची पाठ पलंगाला टेकवून मी त्यांच्याशेजारी बसले.

“मी शिकवलं नसतं तर बरं झालं असतं,” मी म्हणाले.

“त्याचं लहानपणापासून असंच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “सात साते विचारलं की सात एके सातपासून निघायचा. मास्तरांच्या किती छड्या खाल्ल्या त्यापायी.”



“तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत, आई?”

“तू इतकी मन लावून शिकवत होतीस. आणि मलाही म्हणायला बरं वाटायचं गं. दिवसभर नुसतं छताकडे बघत पडलेली असते मी.”

कधी नव्हे ते मोठ्याने बोलावंसं वाटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो अजून तिथेच होता, जड आणि गरम. मी उठले, बादली ओढत आणली, आणि त्यांना तिथेच, जमिनीवर अंघोळ घालायला घेतली.