मार्जिन

"हात वर कर जरा," सत्यशीला म्हणाली.

दैवशालानं हात खांद्यापर्यंत नेला आणि तिथंच थांबवला. ब्लाउजची आतली शिवण बरगडीला टोचत होती. सत्यशीलाला ते दिसलं. तिनं ढिला भाग चिमटीत धरला. पुन्हा बरंच कापड हाती आलं.

मानवतच्या त्या गल्लीत सत्यशीला कित्येक वर्षं बायकांचे ब्लाउज शिवत होती आणि आता तिला त्याचा कंटाळा आला होता. डोळे शिणले होते, कंबर धरली होती आणि गिऱ्हाइकांना सगळं आजच्या आज हवं असायचं. एक सवय मात्र तिनं सोडली नव्हती. प्रत्येक ब्लाउजला ती आतून ऐसपैस मार्जिन ठेवायची. बाईचं अंग काही एका मापात राहत नाही. बाळंतपणं होतात, वय वाढतं, मग शिवण उसवून सैल करायला आत कापड लागतं. तिचा नवरा दत्तराव आडतीवर मुनीम होता. सोयाबीनमध्ये मार्जिन राहिलं नाही म्हणून तो रोज जेवताना कुरकुरायचा. समोर राहणारी दैवशाला शाळेत शिकवायची, ती वहीला मार्जिन आखा म्हणून पोरांच्या मागं लागायची. "तुमच्या दोघांपरीस माझंच मार्जिन कामाचं हाय," असं सत्यशीला म्हणायची आणि तिघंही हसायची.

हा जांभळा ब्लाउज तिनंच शिवला होता, दैवशालाच्या लेकीच्या, बबिताच्या लग्नात. मग दैवशालाच्या पोटात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, नांदेडच्या चकरा सुरू झाल्या. ब्लाउज ढिला पडत गेला. पहिल्यांदा तो आवळून दिल्यावर आतलं जास्तीचं कापड कापायला सत्यशीलानं कात्री उचलली, तेव्हा दैवशालानं तिचा हात धरला होता.

"कापू नको गं. बरी झाले की उसवून देशील मला."

सत्यशीलानं कात्री ठेवून दिली. त्यानंतर दर वेळी ती नवी शिवण मारायची आणि कापड आत तसंच दुमडून ठेवायची. आपण हिला खोटी आशा दाखवतोय, असं तिला वाटायचं. पण त्या आशेचा तिलाही आधार होता. आता दोन्ही बाजूंना जाड घड्या झाल्या होत्या.

उद्या बबिताचं डोहाळजेवण होतं.

"बस तू. आत्ता आवळून देते," सत्यशीला म्हणाली.

दैवशालानं पडद्याआड जाऊन ब्लाउज काढून दिला आणि पदर लपेटून स्टुलावर टेकली.

"या टायमाला आतलं काप."

"कशाला? ऱ्हाऊ दे की."

"लय टोचायलंय. हातच वर होईना. उद्या लेकीला ओवाळायचंय मला."

"मऊ अस्तर लावते आतून. मग न्हाई टोचणार."

"सत्यशीला," दैवशाला शांतपणे म्हणाली, "काप."

"डॉक्टर काय म्हणले?"

"आता येऊ नका म्हणले. घरीच आराम करा."

सत्यशीलाला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे तिला कळेना. तिनं ब्लाउज उलटा करून मशीनवर घेतला, नवी शिवण मारली. मग कात्री घेतली. इतकी वर्षं कापडच कापत आली होती, पण आज तिनं आधी दोन्ही घड्या बोटांनी पुन्हा पुन्हा सपाट केल्या. कात्री एका बाजूनं चालली, मग दुसऱ्या. दोन पट्ट्या जमिनीवर पडल्या. बाहेरचा ब्लाउज उन्हानं आणि घामानं विटला होता. पट्ट्यांचा रंग मात्र दुकानातून आणला त्या दिवसासारखाच होता.

दैवशालानं वाकून एक पट्टी उचलली.

"बघ की. अजून कसा हाय रंग."

"हं," सत्यशीला म्हणाली.

दैवशालानं पडद्याआड जाऊन ब्लाउज घातला आणि आरशासमोर उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी ब्लाउज तिच्या अंगावर नीट बसला होता. हातात ताट असल्यागत तिनं दोन्ही हात उचलले आणि आरशासमोर सावकाश ओवाळून पाहिलं.

"आता न्हाई टोचत," ती म्हणाली.