तोंडानं काढलेला फोटो

रजा मिळाली की कॅमेरा गळ्यात अडकवायचा आणि अनोळखी गाव गाठायचं, हा त्या कारकुनाचा जुना नाद. लोकांशी आपली चटकन गट्टी जमते, अशी त्याची समजूत होती.

त्या सकाळी तो एका इस्त्रीच्या दुकानासमोर रेंगाळला. आत वाफेत उभी बाई, कपाळाला चिकटलेले केस, घामानं डबडबलेला चेहरा. तिच्या नकळत त्यानं फोटोंचा सपाटाच लावला. अखेर तिनं मान वर केली.

"काढायचाच तर नीट काढा की, दादा! थांबा, सासूबाईंना बोलावते."

सासूबाई ठेवणीतली शाल पांघरून आल्या. सून केस विंचरून आली. दोघी भिंतीपाशी ताठ उभ्या राहिल्या. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, तर आत काळोख. बॅटरी संपली होती.

सांगायला काय जीभ झडली होती? पण त्याला धीरच झाला नाही. त्यानं जीभ टाळ्याला लावून 'टक्' केलं. "झकास आला!"

"आता माझा एकटीचा," म्हातारी म्हणाली.

पुन्हा टक्.

"बघू," म्हणत तिनं कॅमेरा ओढून घेतला. काळ्या काचेत तिचंच तोंड दिसत होतं. "हा तर आरसा! आणि बाळा, मला दिसतं कमी, पण ऐकू चांगलं येतं. आवाज तुझ्या तोंडातून येत होता."

त्याची कानशिलं तापली. "बॅटरी संपली, आजी."

"मग तसं सांगायचं! आम्ही काय खाणार होतो तुला?"

दुकानात प्लग एकच. सुनेनं इस्त्री काढून त्याचा चार्जर लावला. शर्टासाठी आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "जरा थांबा, पाहुण्यांचा कॅमेरा चार्ज होतोय." गिऱ्हाईक त्याच्याकडे टकामका बघत राहिलं. म्हातारी शाल चुरगळू नये म्हणून बाकाच्या टोकावर अवघडून बसली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी फोटो निघाला. दोघी त्यात खरंच छान दिसत होत्या.

"मघाचे दाखवा ना," सून म्हणाली. ते बघताना तिचा हात आपोआप केसांकडे गेला. "हे कुणाला दाखवणार?"

वाफेतले ते फोटो त्याच्या मनात भरले होते, कधीतरी प्रदर्शनात लावायचंही त्यानं मनाशी ठरवलं होतं. मान खाली घालून त्यानं तिच्यासमोरच एकेक पुसून टाकला.

जवळच्या स्टुडिओतून त्यानं दोघींचा मोठा फोटो छापून आणला. म्हातारीनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"चहा घेऊन जा, दादा," सून म्हणाली.

त्याला तिथं बसवेना. गाडी चुकेल, असं काहीतरी पुटपुटून तो बाहेर पडला. त्याची गाडी दुसऱ्या दिवशीची होती.